पदकावरून माणसाकडे : युद्धकालीन स्वयंसेवक पोलिसाच्या चरित्राची साधने

इतिहासाच्या साधनांत ताम्रपट, शिलालेख आणि नाणी यांना आपल्याकडे जो मान मिळाला, तो पदकांच्या वाट्याला आलेला नाही. पदक म्हणजे शोभेची वस्तू, फार तर संग्राहकाच्या हौसेचा विषय, अशीच समजूत अभ्यासकांतही आढळते. वास्तविक पदक हे नाण्याचेच भावंड होय. दोन्ही टांकसाळीत पडतात, दोहोंवर राजाचा मुखवटा असतो, आणि दोहोंवरील मुद्रालेखांचे वाचन एकाच पद्धतीने करावे लागते. भेद इतकाच की नाणे हजारो हातांतून फिरते आणि कोणाचेच होत नाही, तर पदक एका माणसासाठी पाडलेले असते. म्हणून नाण्यावरून राज्याचा इतिहास लिहिता येतो आणि पदकावरून, साधने अनुकूल असतील तर, एका माणसाचा. ज्याने पत्रे लिहिली नाहीत, रोजनिशी ठेवली नाही, ज्याच्या नावाचा उल्लेख कोणत्याही ग्रंथाच्या सूचीत नाही अशा माणसाच्या बाबतीत तर पदक हेच पुष्कळदा एकमेव उरलेले साधन असते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एकाच पदकाचा विचार केला आहे. ते म्हणजे ब्रिटनमधील विशेष कॉन्स्टेबलांना, म्हणजे स्वयंसेवक पोलिसांना, दिले जाणारे दीर्घ सेवेचे पदक. हे पदक निवडण्याचे कारण असे की ते अतिशय सामान्य आहे. संग्राहकांत त्याला फारसा भाव नाही, आणि त्यावरून माणूस शोधून काढणे हे सैनिकी पदकांच्या मानाने कितीतरी अवघड आहे. पद्धतीची खरी परीक्षा अशा अवघड ठिकाणीच होते.

प्रथम हा विशेष कॉन्स्टेबल कोण, हे पाहिले पाहिजे. इंग्लंडात नियमित पोलीस दल उभे राहण्यापूर्वीपासून शांततारक्षणासाठी नागरिकांना शपथ देऊन कॉन्स्टेबल नेमण्याची प्रथा होती. १८३१ च्या कायद्याने तिला निश्चित रूप दिले. दंगा किंवा गंभीर गुन्हा झाला असेल अथवा होण्याची भीती असेल तर स्थानिक न्यायाधीशांनी नागरिकांना शपथ द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. १८४८ च्या एप्रिलमध्ये चार्टिस्टांच्या सभेच्या वेळी लंडनमध्ये असे जे हजारो लोक पुढे आले, त्यांत पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही होता. हिंदुस्थानातील १८६१ च्या पोलीस कायद्याच्या १७ व्या कलमात हीच कल्पना उतरली. मात्र तेथे ‘स्वयंसेवक’ या शब्दाला काही अर्थ उरला नाही. १९०५ साली बंगालमधील रंगपूर येथे स्वदेशी चळवळीच्या पुढाऱ्यांनाच विशेष कॉन्स्टेबल नेमून त्यांना नामोहरम करण्याचा उद्योग सरकारने केला. एकाच कायदेशीर संज्ञेच्या पोटात किती भिन्न अनुभव मावतात, हे ध्यानात राहावे म्हणून हा उल्लेख केला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा नियमित पोलिसांतील पुष्कळ माणसे सैन्यात गेली आणि कामे मात्र वाढली. १८३१ च्या कायद्यातील दंग्याच्या भीतीची अट आता अडचणीची झाली. म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस नवा कायदा संमत होऊन, दंग्याची भीती नसतानाही युद्धकाळात अशा नेमणुका करण्याची मुभा मिळाली. १९२३ मध्ये ही तरतूद कायमची झाली. या लोकांची कामे मोठ्या पराक्रमाची नव्हती. पाणीपुरवठ्याचे तलाव, गॅसचे कारखाने, रेल्वेचे पूल यांवर रात्रीचा पहारा, दिवे झाकले आहेत की नाहीत याची पाहणी, आणि १९१५ पासून झेपेलिनांचे हल्ले सुरू झाल्यावर लोकांना सावध करणे व गर्दी आवरणे, असे त्यांचे स्वरूप होते. दिवसभर दुकानात, कचेरीत किंवा शाळेत काम करून माणूस संध्याकाळी बाहीला पट्टा बांधून पहाऱ्यावर जाई. गणवेश पुढे मिळाला. वेतन नव्हतेच.

युद्ध संपल्यावर १९१९ च्या ऑगस्टमध्ये पंचम जॉर्जने या सेवेसाठी पदक स्थापिले. ते ब्राँझचे, वर्तुळाकृती आहे. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा, मागील बाजूस विशेष कॉन्स्टेबल दलातील निष्ठापूर्वक सेवेबद्दल, अशा आशयाचा मजकूर. फितीच्या मध्यभागी तांबडा पट्टा व त्याच्या दोन्ही अंगांस काळ्या-पांढऱ्या रेघा. ज्यांनी महायुद्धात हे काम केले त्यांच्या फितीवर ‘द ग्रेट वॉर १९१४-१८’ अशी अक्षरे असलेली धातूची पट्टी येते. पहिल्या पदकानंतर आणखी दहा वर्षे सेवा झाल्यास ‘लाँग सर्व्हिस’ हे शब्द व त्यापुढे वर्षाचा आकडा असलेली पट्टी मिळे.

या पदकाच्या नियमांतच अभ्यासकाची पहिली किल्ली आहे. पदकासाठी नऊ वर्षांची विनावेतन सेवा लागे, व दर वर्षी किमान ५० वेळा कामावर हजर असणे आवश्यक असे. युद्धकाळातील प्रत्येक वर्ष तिप्पट धरले जाई. म्हणजे महायुद्धाची पट्टी असलेले पदक हाती आले की इतके तरी निश्चित झाले: या माणसाने किमान तीन वर्षे, दर आठवड्याला सरासरी जवळजवळ एक याप्रमाणे, किमान दीडशे पाळ्या मोफत केल्या. हे विधान लहान दिसते. परंतु ज्या माणसाविषयी आपणास काहीच ठाऊक नाही, त्याच्या सुमारे दीडशे रात्रींचा हिशेब एका ब्राँझच्या तुकड्यावरून मांडता येतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षुल्लक मानू नये.

पट्टी नसलेल्या पदकाचा अर्थ मात्र इतका सरळ नाही. ते शांततेच्या नऊ वर्षांचे असेल, दुसऱ्या महायुद्धातील तीन वर्षांचे असेल, अथवा दोहोंचे मिश्रण असेल. १९३६ साली दाखल झालेल्या माणसाची १९३९ पर्यंत तीन वर्षे होतात. पुढील दोन युद्धवर्षे सहा धरली जातात, आणि १९४१ साली तो पदकास पात्र ठरतो. उलट १९३९ च्या सप्टेंबरमध्ये शपथ घेतलेला माणूस १९४२ मध्ये पात्र होतो. पदक एकच, पण पहिल्याने शांततेच्या काळात स्वेच्छेने पत्करलेले काम युद्धातही चालू ठेवले, आणि दुसरा युद्धाच्या हाकेला धावून आला. चरित्रकाराच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे, आणि पदक त्याविषयी मौन पाळते.

येथे राजाचा मुखवटा आणि त्याभोवतालचा मुद्रालेख आपल्या मदतीस येतो. पंचम जॉर्जच्या पदकांत आरंभीच्या नमुन्यावर अनावृत मस्तक आहे, तर कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतील नमुन्यावर राजा मुकुट व राजवस्त्रे धारण केलेला दिसतो. सहाव्या जॉर्जच्या पदकांतील भेद तर आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. पहिल्या नमुन्यावर राजाच्या लॅटिन बिरुदावलीच्या शेवटी ‘इंडिए इंप’, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, ही अक्षरे आहेत. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या जूनमध्ये राजाने ते बिरुद विधिपूर्वक सोडले, आणि पुढील नमुन्यातून ते गेले. त्यामुळे यॉर्कशायरमधील एखाद्या वाण्याने आपल्या गावात घातलेल्या गस्तीचा काळ ठरविताना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा आधार घ्यावा लागतो. अर्थात टांकसाळीत नवे ठसे तयार होण्यास अवधी लागतो व जुना साठा आधी खपविला जातो. म्हणून अशा मुद्रालेखावरून काढलेली काळमर्यादा वर्षा-दोन वर्षांनी सैल ठेवावी. नाणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. या पदकाच्या कडेवर धारकाचे नाव ठोकलेले असते. साधारणतः पहिले नाव पूर्ण, मधले नाव असल्यास त्याचे आद्याक्षर, आणि आडनाव. कधी मागे हुद्दा येतो. परंतु तो कोणत्या दलाचा, कोणत्या गावचा, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकाच्या पदकाशी याची तुलना करावी. त्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशी चार अंगे असतात, आणि त्या क्रमांकावरून लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील पदकांच्या सूचिपत्रापर्यंत थेट जाता येते. त्या सैनिकांची सेवापत्रे १९४० च्या सप्टेंबरमधील बाँबहल्ल्याने लागलेल्या आगीत बहुसंख्येने जळाली, तरी हा धागा शाबूत राहिला. विशेष कॉन्स्टेबलाला असा क्रमांक नाही. त्याच्या नोंदी त्या त्या स्थानिक दलाकडे होत्या, आणि दले एकमेकांत विलीन होत गेली तसतशी ती कागदपत्रे बहुतांशी रद्दीत गेली. केवळ नाव हाती आहे, आणि ते नाव इंग्लंडात शेकडो माणसांचे असू शकते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातील पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न घालताच देण्यात आली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे आहेत. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या घरात आजोबांचे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. त्या बाबतीत आपला अभ्यासक ब्रिटिश अभ्यासकापेक्षा सुदैवी आहे.

नावावरून माणूस ठरविण्याचे काम निरासाच्या मार्गाने करावे लागते. त्या नावाच्या सर्व संभाव्य व्यक्ती जनगणनेतून प्रथम गोळा कराव्यात. पहिल्या महायुद्धासाठी १९११ व १९२१ च्या जनगणना उपलब्ध आहेत. मग पदकाने घातलेल्या अटी प्रत्येक उमेदवारास लावून पाहाव्यात. महायुद्धाची पट्टी असलेला माणूस ढोबळ मानाने १९१५ च्या अखेरीपूर्वी दलात आला असला पाहिजे व पुढे तीन वर्षे घरीच राहिला असला पाहिजे. १९१६ च्या आरंभी ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती आली, आणि तिची वयोमर्यादा प्रथम १८ ते ४१ होती. तेव्हा आपला माणूस एक तर चाळिशी उलटलेला असावा, किंवा प्रकृतीने सैन्यास अयोग्य, किंवा ज्या धंद्यास सूट होती अशा धंद्यातील. चौथी शक्यता अशी की त्याने सूट मागण्यासाठी स्थानिक न्यायमंडळापुढे अर्ज केला असावा. ही मंडळे पुष्कळदा अर्जदाराने स्वयंसेवक दलात किंवा विशेष कॉन्स्टेबल म्हणून काम करावे या अटीवर सूट देत. म्हणजे पदकावर ज्याला ‘निष्ठापूर्वक सेवा’ म्हटले आहे, ती काहींच्या बाबतीत रणांगण टाळण्याची किंमत होती. हे वाचून कोणी नाक मुरडू नये. दुकानात एकटा असलेला विधुर, चार लेकरांचा बाप, वृद्ध आईचा एकुलता मुलगा असे लोक त्या मंडळांपुढे येत, आणि त्यांची कैफियत वाचल्यावर ‘सेवा’ व ‘सक्ती’ या दोन शब्दांमधील रेषा किती पुसट आहे हे कळते. दुर्दैवाने ही कागदपत्रे युद्धानंतर सरकारच्या सूचनेनुसार बहुतेक ठिकाणी नष्ट करण्यात आली. मिडलसेक्सचे अपिलांचे दप्तर आणि स्कॉटलंडमधील लोदियन व पीबल्स यांचे दप्तर नमुन्यादाखल मुद्दाम राखून ठेवले गेले, म्हणून आज उपलब्ध आहे. आपला उमेदवार त्या प्रदेशातील निघाला तर अभ्यासकाचे भाग्य थोर.

१९१८ च्या मतदार याद्यांचाही असाच उपयोग होतो. त्या वर्षी सैन्यात असलेल्या मतदारांची वेगळी यादी करण्यात आली. एखादे नाव त्या यादीत असेल तर तो उमेदवार बहुधा बाद करावा. तो घरच्या पत्त्यावर साध्या यादीत असेल तर त्याची बाजू बळकट होते. हा नकारात्मक पुरावा आहे आणि त्यावर एकट्यावर इमारत रचू नये, परंतु इतर तीन पुराव्यांच्या जोडीला तो बसला तर त्याचे वजन वाढते.

दुसऱ्या महायुद्धासाठी सर्वांत मोलाचे साधन म्हणजे २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही. ओळखपत्रे व शिधापत्रिका यांसाठी ती घाईने तयार केली गेली. १९३१ च्या जनगणनेचे इंग्लंड व वेल्सचे मूळ कागद १९४२ साली आगीत जळाले आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे दोन पिढ्यांच्या मधल्या काळोखात हा एकच दिवा आहे. या वहीत प्रत्येकाची जन्मतारीख व धंदा आहेच, शिवाय बाजूच्या रकान्यात वॉर्डन, अग्निशामक, विशेष कॉन्स्टेबल अशा युद्धकाळातील जादा कामांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी सापडतात. आपल्या नावाच्या समोर ‘विशेष कॉन्स्टेबल’ ही अक्षरे दिसली की शोधाचा सांधा जुळतो. ही वही पुढे आरोग्य सेवेने वापरली, त्यामुळे तीत अनेक वर्षे दुरुस्त्या होत राहिल्या. विवाहानंतर बदललेली स्त्रियांची आडनावे त्यावर दुसऱ्या शाईत दिसतात, आणि मुलीच्या सासरच्या आडनावावरून आजच्या वंशजांपर्यंत जाण्याची वाट कधी कधी तेथूनच निघते.

एक उदाहरण घेऊन हा तर्क कसा चालतो ते पाहू. समजा, सहाव्या जॉर्जचे ‘इंडिए इंप’ लेखाचे, पट्टी नसलेले पदक हाती आले, आणि त्याच्या जोडीला १९३९-४५ चे डिफेन्स मेडल आहे. राजाच्या नावावरून पदक १९३७ ते सुमारे १९४९ या काळातील ठरते. डिफेन्स मेडलसाठी ब्रिटनमधील नागरी संरक्षण सेवांत साधारणतः तीन वर्षांची सेवा लागे, आणि युरोपातील युद्ध १९४५ च्या मेमध्ये संपले. तेव्हा सेवेचा आरंभ १९४२ च्या मेनंतरचा असू शकत नाही. पुढील पट्टी नाही, म्हणजे पदकानंतर आणखी दहा वर्षे तो दलात राहिला नाही. १९३९ च्या नोंदवहीत त्या नावाचे अकरा प्रौढ पुरुष सापडले असे मानू. त्यांपैकी चौघे सैन्यभरतीच्या वयाचे असून सूट असलेल्या धंद्यात नाहीत. ते मागे पडतात. उरलेल्या सातांपैकी एकाच्या नावापुढे ‘विशेष कॉन्स्टेबल’ आहे, दुसऱ्याच्या पुढे ‘वॉर्डन’. पहिल्याकडे मन धावते, आणि येथेच थांबले पाहिजे. वॉर्डन पुढे १९४० मध्ये विशेष कॉन्स्टेबल झालाच नसेल असे कशावरून? नोंदवही एका रात्रीची आहे, पदक किमान तीन वर्षांचे आहे. आपल्या दप्तरखान्यांतही एका नावाच्या दोन-दोन, तीन-तीन कारकुनांनी अभ्यासकांना चकविले आहे. नाव जुळणे ही शोधाची पहिली पायरी असून तिच्यावरच बस्तान ठोकणाऱ्यांनी कित्येक चरित्रे बिघडविली आहेत.

हा पेच स्थानिक वृत्तपत्रांनीच बहुधा सुटतो. दीर्घ सेवेची पदके सरकारी गॅझेटात जाहीर होत नसत. लंडनच्या दलाच्या बाबतीत पोलीस आज्ञापत्रांचे खंड राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अन्यत्र मात्र तालुक्याच्या गावी निघणाऱ्या साप्ताहिकावरच भिस्त ठेवावी लागते. मुख्य अधिकाऱ्याने नगरभवनात समारंभ करून पदके वाटली, की पुढच्या अंकात पदकधारकांची नावे छापून येत. अशी यादी सापडली की दल कळते, गाव कळते, बरोबरचे लोक कळतात. समारंभानंतरचा चहा कोणी दिला हेही कळते, आणि चरित्राला ते निरुपयोगी असते असे नाही.

शौर्यपदकांची गोष्ट वेगळी. त्यांच्याबरोबर सरकारनेच लिहिलेली हकीकत येते. कॉव्हेंट्री शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री भयंकर बाँबवर्षाव झाला, तेव्हा ब्रँडन मॉस या विशेष कॉन्स्टेबलाने कोसळलेल्या घराच्या ढिगाऱ्यात भुयार काढून तिघांना जिवंत बाहेर आणले, आणि मग शेजारच्या ढिगाऱ्याकडे वळून पहाटेपर्यंत काम केले. त्याला त्याच वर्षी स्थापन झालेला जॉर्ज क्रॉस मिळाला. त्या क्रॉसच्या मागील बाजूस नाव व गॅझेटची तारीख कोरलेली असते, म्हणून त्याच्या बाबतीत अभ्यासकाचे काम एका दुपारचे आहे. पण त्याच रात्री त्याच शहरात इतर विशेष कॉन्स्टेबल चौकाचौकांत उभे होते, आणि त्यांच्याविषयी ब्राँझच्या पदकाच्या कडेवरील दोन शब्दांपलीकडे काही उरलेले नाही. शौर्यपदकांच्या आधारे लिहिलेला इतिहास एका रात्रीचा असतो. दीर्घ सेवेच्या पदकांवरून दिसतो तो वर्षानुवर्षांचा कंटाळा, थंडी आणि जागरण.

उलट, पदक नाही म्हणून सेवाच झाली नाही असेही समजू नये. प्रख्यात संगीतकार एडवर्ड एल्गार १९१४ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, लंडनच्या हॅम्पस्टेड भागात विशेष कॉन्स्टेबल झाला. पुढील वर्षी ते काम सोडून तो स्वयंसेवक राखीव दलात गेला. तीन वर्षांची अट त्याच्या या सेवेला लागूच पडत नाही. एल्गार प्रसिद्ध होता म्हणून ही गोष्ट आपणास ठाऊक आहे. प्रसिद्ध नसलेले असे किती जण वर्ष-दीड वर्ष काम करून गेले, त्यांचा मागमूस पदकांच्या मार्गाने लागणे शक्य नाही. पदकांवर आधारलेल्या संशोधनात चिकाटीने टिकलेल्यांचेच चित्र उमटते, ही त्याची जन्मजात मर्यादा होय.

सोबतच्या वस्तूंची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे. येथे थोडक्यात पाहू. डिफेन्स मेडल हिरव्या कडांच्या, मधे ज्वालेच्या रंगाच्या व बारीक काळ्या रेघांच्या फितीचे असते. हिरवा रंग ब्रिटनच्या भूमीचा, ज्वाला आगींची, काळा रंग झाकलेल्या दिव्यांचा. या पदकावर नाव नसते. वॉर्डन, अग्निशामक, होमगार्ड, पोलीस यांना सरसकट तेच मिळाले. त्यामुळे ते आपल्या माणसाचेच आहे हे सिद्ध करण्यास सोबतची छोटी पुठ्ठ्याची पेटी उपयोगी पडते, कारण ती टपालाने येई व तिच्यावर नाव-पत्ता असे. विक्रेते पेटी फेकून देतात आणि पदक घासून चकचकीत करतात, म्हणजे जे टाकायचे ते ठेवतात व जे ठेवायचे ते टाकतात. पदके एका पट्टीवर लावलेली असतील तर त्यांचा क्रम पाहावा. युद्धपदक आधी व दीर्घ सेवेचे पदक नंतर, हा नियम आहे. क्रम उलटा असेल तर ती जोडी धारकाने लावली नसून पुढे कोणी तरी जुळविली असण्याचा संभव वाढतो. जोडीला पहिल्या महायुद्धातील सैनिकी पदक असले आणि त्यावरील नाव तेच असले, तर मात्र सोन्याची खाण लागली असे समजावे. तेथे क्रमांक आहे, पलटण आहे, आणि १९१८ साली खंदकातून परतलेला माणूस वीस वर्षांनी शिट्टी व दंडुका घेऊन आपल्याच गल्लीत पहाऱ्यास उभा राहिला, ही चरित्राची कमान आपोआप दिसू लागते.

शेवटी ‘निष्ठापूर्वक सेवा’ या शब्दांविषयी. निष्ठा कोणाशी, हा प्रश्न चरित्रकाराला टाळता येत नाही. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या नियमित पोलिसांनी वेतन व संघटना यांसाठी संप केला. त्या दिवशी विशेष कॉन्स्टेबल कामावर गेला असेल तर नियमित पोलिसाच्या लेखी तो संपफोड्या ठरला. १९२६ च्या मेमधील सार्वत्रिक संपाच्या वेळी सरकारने मोठ्या प्रमाणावर विशेष कॉन्स्टेबल भरती केले. ज्याच्या पदकावर महायुद्धाची पट्टी असून शिवाय ‘लाँग सर्व्हिस १९२९’ अशी पट्टी आहे, तो बहुधा त्या नऊ दिवसांतही गणवेशात होता. खाणीच्या गावात तो राहत असेल तर त्याचे शेजारी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस उभे होते. उत्तर आयर्लंडात तर हेच पदक अल्स्टर विशेष कॉन्स्टेबल दलालाही मिळत असे. १९२० मध्ये स्थापन झालेले ते दल सशस्त्र होते आणि जवळजवळ संपूर्णपणे प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक नागरिकांच्या मनात त्याच्याविषयी जी भीती होती तिचा शेवट १९७० मध्ये ते दल मोडण्यात झाला. बर्मिंगहॅममधील शाळामास्तराचे पदक आणि आर्माच्या ग्रामीण भागातील बंदूकधारी गस्तवाल्याचे पदक एकाच ठशातून निघाले आहे, आणि कडेवर दलाचे नाव नाही. म्हणून गाव निश्चित होण्यापूर्वी धारकाच्या स्वभावाविषयी किंवा हेतूंविषयी एक अक्षरही लिहू नये.

गाव निश्चित झाल्यावर उरते ते मृत्यूचे वर्ष. इंग्लंड व वेल्समधील मृत्युपत्रांची वार्षिक सूची १८५८ पासून अखंड आहे. तीत मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण आणि मालमत्ता कोणाच्या स्वाधीन झाली हे नोंदलेले असते. तेथे विधवेचे वा मुलाचे नाव मिळाले की पदक घरातून बाहेर कधी पडले असावे याचा अंदाज करता येतो. टिपण लिहिताना प्रत्येक विधानासमोर ते पदकावरून निघाले, दप्तरावरून निघाले, की अनुमानाने काढले, हे वेगळ्या खुणेने दाखवावे. आणि पदक परत पेटीत ठेवण्यापूर्वी त्याच्या कडेचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात चारही बाजूंनी घ्यावे. पूर्वीचे नाव तासून दुसरे ठोकलेले असेल तर कडेचा तो भाग किंचित खोलगट दिसतो, आणि तसे आढळल्यास वर सांगितलेला सर्व खटाटोप पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करावा लागतो.